साहेब गोलात बसले

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

केंद्रशाळेत शिक्षण परिषद. दहा शाळांचे शिक्षक, चहा, गार बटाटेवडा. निगडे सर, आमचे केंद्रप्रमुख, पडद्यापुढं उभे राहिले. पहिलं चित्र आलं आणि माझा कप हातातच राहिला. माझा वर्ग. माझी चौथीची पोरं सतरंजीवर गोल करून बसलीत, मांडीवर पुस्तकं. वर मोठ्या अक्षरात 'पुस्तकांचा गोल'. खाली, 'संकल्पना व अंमलबजावणी : श्री. निगडे'. नवोपक्रम स्पर्धेत जिल्ह्यात पहिला.

फोटोच्या डाव्या कडेला एक हात दिसतो. हिरव्या बांगड्या, घड्याळ. तो माझा. बाकी मला कापून टाकलेलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हेच जास्त झोंबतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. रंकाळ्यापासून शाळेपर्यंत गाडीवर मनातल्या मनात सरांशी भांडत गेले. गगनबावडा रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. त्यांच्यावरही चिडून झालं.

लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी माझ्या चौथीत धडा खडाखडा वाचणारी पोरं होती. वाचलंस ते काय होतं, विचारलं की गप्प. म्हणून गोल सुरू केला. सहा-सहा पोरं, सगळ्यांकडं एकाच पुस्तकाची प्रत. आधी घरी वाचायचं, मग शाळेत त्यावर बोलायचं. प्रश्न पोरांनी पोरांना विचारायचे, बाईंनी नाही. एकजण बोलत असला की त्याचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. वाचलं नसेल तर 'वाचलं नाही' म्हणायचं आणि तरी बसायचं. हे सगळं मी वहीत लिहीत गेले. जूनमध्ये सरांनी वही मागितली. "जरा नजर टाकतो, मॅडम." बेचाळीस पानं. परत आली नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सोड की. मे महिन्यात रिटायर व्हतोय त्यो माणूस."

म्हणजे मे महिन्यापर्यंत वेळ आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

राग वर्गाबाहेर ठेवायचा ठरवलं होतं. आज जमलं, ते सिद्धीमुळं.

सिद्धी बोलताना अडखळते. पहिली ते तिसरी तिचा आवाज वर्गात कुणी ऐकला नव्हता. हजेरीला नुसता हात वर. जुलैपासून गोलात बसते. आज नदीत वाहून गेलेल्या चपलेच्या गोष्टीवर चर्चा. आर्या म्हणाली, "एका चपलेसाठी नदीकाठ पालथा घालतंय, येडं हाय ते पोरगं." सिद्धीनं बोट वर केलं. "त-त्याला चप्पल न्हाय पायजे. त्याला... ब-बापाची च-चप्पल पायजे."

बराच वेळ लागला तिला. सगळी थांबली. संकेतला कधी दम धरवत नाही, तोही बोटं मोडत थांबला. मग आर्या हळूच म्हणाली, "व्हय की."

हे सरांच्या पडद्यावर नव्हतं. त्यांना दिसलंच नसतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सर शाळेत आले. बरोबर पेढ्यांचा बॉक्स. मी सरळ विचारलं.

"सर, माझं नाव कुठंच नव्हतं."

"नाव कुणाचंबी असू दे मॅडम, काम तर केंद्राचंच की. तुम्ही काय परक्या हाय का?"

"आणि वही?"

"हाय की वही. कुठं जातीया ती."

मग खरं काम निघालं. जानेवारीत वरून पथक येणार आहे, गोल प्रत्यक्ष बघायला. आवडला तर राज्यभर लागू. गोल माझ्याच वर्गात, पण चालवणार निगडे सर. "तुम्ही फकस्त पोरं तयार ठेवा आन् मागं उभ्या ऱ्हावा."

मी म्हणाले, "चालतंय सर. पुस्तक तेवढं मी निवडतो."

आम्ही वडगावच्या बायका गड्यांसारखं 'निवडतो'च म्हणतो. आवाज अगदी साधा निघाला माझा. पेढा खाल्लासुद्धा.

३ डिसेंबर, बुधवार

पुस्तक ठरलं. म्हशीचं. चोवीस पानं. एका घरातली म्हैस भाकड झाली म्हणून आजोबा तिला बाजारात विकतात. तीन दिवस चालत ती एकटी परत येते. पाठोपाठ नवा मालक दारात, हातात पावती. गोष्ट तिथंच संपते. म्हैस कुणाची, ते लिहिलेलं नाही.

पावती एकाकडं, म्हैस दुसऱ्याच्या दारात. निगडे सरांसाठी याहून बरं पुस्तक मिळालं नसतं.

एक प्रत त्यांना स्वतः नेऊन दिली. ग्रंथालयाच्या रजिस्टरवर सही घेतली. तारखेसकट. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी पुस्तक दिलंच नाही. सर वाचणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. बारा वर्षं ओळखते. परिपत्रकसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतात.

मी खड्डा खणलेला नाही. चोवीस पानं दिली आहेत आणि दीड महिना दिला आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

म्हशीवर पहिली चर्चा. जमेल तेवढी उतरवते.

संकेत (घरी चार म्हशी, दोन्ही वेळेला डेअरीला दूध घालायला हाच) : "नव्या मालकाची. पैसं मोजून घेतल्यात. आता म्हस दारात आली म्हणून काय झालं?"

आर्या : "वाढवली कुणी? लहानपणापास्नं वैरण कुणी घातली?"

संकेत : "मग इकायचीच न्हाय."

आर्या : "भाकड झाली म्हणून इकली. तुझी आजी काम करंना झाली तर तिला इकशील?"

हसणं, आरडाओरडा. सिद्धीनं बोट वर केलं, सगळे गप्प. "म्ह-म्हशीला... कुणी इच्चारलं?"

चांगला प्रश्न. नोंद केली. पण माझं लक्ष दुसरीकडंच. आर्याकडं बघत होते. हिला गप्प करणं सरांना जमणार नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

गोलाचा एक नियम बदलला.

आजवर न वाचलेलं पोरगंही गोलात बसायचं, ऐकायचं. आज सांगितलं, इथून पुढं ज्यानं वाचलं नाही त्याला गोलात जागा नाही. आणि संशय आला तर गोलानं तीन प्रश्न विचारायचे. उत्तरं आली नाहीत की उठून बाहेर.

संकेत : "मोठं माणूस असलं तरी?"

"मोठं माणूस असलं तरी."

"सायेब असलं तरी?"

मी हसले फक्त. पोरं हुशार असतात.

सिद्धीनं विचारलं, "ज-जमलं न्हाय वाचाय, तर?"

"तर तसं सांगायचं आणि बाहेर बसायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. जुलैमध्ये मी तिला याच्या उलट सांगितलं होतं. ती विसरलेली नाही, हे मला कळलं. तरी पुढं गेले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तीन प्रश्नांचा खेळ पोरांना फार आवडला. मधल्या सुट्टीत पण तेच. दुसऱ्या गोलातल्या एका पोराला पकडलं, म्हशीचं नाव सांगता आलं नाही. त्याला ओढत बाहेर नेऊन बसवला. "चंद्रा. चंद्रा नाव हाय, येड्या." तो रडवेला. मी म्हणाले, पुरे. एवढंच म्हणाले.

पूर्वी चर्चेत "मला असं वाटतंय" ऐकू यायचं. आता "सांग, सांग, सांग" येतंय. महिन्याभराचा प्रश्न आहे. नंतर नीट करीन.

२ जानेवारी, शुक्रवार

ह्यांच्याशी भांडण. रजिस्टरवरची सही, तीन प्रश्न, सगळं सांगून बसले. वाटलं, हसतील. जेवता जेवता थांबले.

"पोरांच्या खांद्यावर बंदूक ठेवतीयास."

"मग कुणाच्या ठेवू? तक्रार केली तर माझीच बदली."

"सरांचं तोंड बघून समाधान व्हईल. पुढं?"

"पुढचं पुढं."

बोलले तसंच वाटतं. मला त्यांचं तोंड बघायचं आहे. सगळ्यांसमोर. मी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझं झालं होतं तसं.

१३ जानेवारी, मंगळवार

पथक २१ तारखेला. सरांचा फोन. पोरांना नवीन गणवेश, भिंतीवर बॅनर (त्यांच्या फोटोचा), पाहुण्यांना जेवणात तांबडा-पांढरा रस्सा. मी मुद्दाम विचारलं, "सर, पुस्तक बघितलं का?"

"म्हशीचंच हाय न्हवं? आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या म्हशी. मला काय सांगताय मॅडम."

फोन ठेवला आणि खुशीत वर्गात गेले. असं बरेच दिवसांत झालं नव्हतं.

२१ जानेवारी, बुधवार, दुपारी साडेचार

शाळा सुटली. रिकाम्या वर्गात बसून लिहितेय, एकही शब्द विसरायच्या आत.

पथकात दोघं. एक बाई, साधी सुती साडी, हातात डायरी. एक तरुण अधिकारी. सर सफारीत, गोलात मांडी घालून बसले. एका बाजूला संकेत, दुसऱ्या बाजूला सिद्धी. समोर आर्या. मी मागं, भिंतीला टेकून, सांगितल्याप्रमाणं.

सरांनी सुरुवात केली. "बालमित्रांनो, या गोष्टीतून आपल्याला काय बोध मिळतो? म्हैस आपल्याला दूध देते. तिच्या कष्टावर आपलं घर चालतं. म्हणून आपणही..."

आर्यानं बोट वर केलं. "सर, म्हस भाकड हाय."

"काय?"

"भाकड हाय. दूध देतच न्हाय. म्हणून तर इकली."

पोरांत खसखस. तरुण अधिकारी खाली बघून हसले. सर म्हणाले, "हो हो, म्हणजे पूर्वी देत होती, त्या अर्थानं."

संकेत : "सरांनी वाचलंया का न्हाय? तीन प्रश्न."

मग सगळी एका सुरात, "तीन प्रश्न, तीन प्रश्न." पथकातल्या बाईंनी विचारलं, हे काय आहे? आर्यानं नियम सांगितला. बाई म्हणाल्या, "वा. मग विचारा की सरांना."

पहिला, म्हैस कुणी विकली? सर म्हणाले, वडलांनी. चूक.

दुसरा, परत यायला किती दिवस लागले? गप्प.

तिसरा, म्हशीचं नाव. सरांनी रुमाल काढला. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच. मी नजर काढली नाही. "म्ह... म्हणजे तिचं... म्ह..."

संकेत म्हणाला, "म्ह-म्ह-म्ह-म्हस."

वर्गात हशा फुटला. पोटं धरून पोरं हसली. दुसऱ्या गोलातली उठून बघायला आली. तरुण अधिकारी उघड हसले. मी पण. खरं लिहायचं तर मी पण हसले, आणि गेल्या दोन महिन्यांतलं सगळं त्या हसण्यात निघालं. सर उठले. बाहेर जाऊन बसायचं, नियम होता. ते दारातून निघूनच गेले.

बाईंनी विचारलं, "हे गोल कुणी सुरू केले?" तीस हात माझ्याकडं.

बरोब्बर हेच मी मनात बघत आले होते. हात, त्यांची संख्या, सगळं.

फक्त एक हात खाली होता. सिद्धीचा. पुस्तक मिटून मांडीवर, आणि एका हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलेलं. आधी वाटलं, हसू दाबतेय.

२२ जानेवारी, गुरुवार

फोनवर फोन. केंद्रातल्या अकरा जणांनी विचारलं, खरं का? काहींनी दोनदा ऐकून घेतलं. "जिरवलीस बघ." सर रजेवर. बॅनर शिपाईमामांनी उतरवला, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गोड लागलं. खोटं कशाला लिहू.

सिद्धी गैरहजर.

२४ जानेवारी, शनिवार

नवं पुस्तक, नवा गोल. सिद्धी आली, पण सतरंजीच्या बाहेर, भिंतीशी बसली.

"वाचलं नाहीस का गं?"

मानेनं नाही.

आर्या म्हणाली, "बाई, वाचलंया तिनं. काल माझ्या घरी येऊन बसून वाचलंया. शेवटचं पान दोनदा."

सिद्धी खाली बघत राहिली. म्हणजे वाचलं नाही असं सांगितलं की गोलाबाहेर बसता येतं, तीन प्रश्न होत नाहीत, बोलावं लागत नाही. नियम मीच दिला होता, तिनं तो नीट वापरला.

मधल्या सुट्टीत संकेतला बाजूला घेतलं. "त्या दिवशी सरांची नक्कल केलीस ती कशी केलीस?"

"म्ह-म्ह करून."

"तसं अजून कोण बोलतं आपल्यात?"

त्याला लगेच कळलं. चेहराच पडला त्याचा. "मी तिला न्हाय म्हटलो बाई. सरांस्नी म्हटलो." मग मान वर करून, "तुम्ही पण हसला की."

व्हय. हसलो.

२८ जानेवारी, बुधवार

सिद्धीची आई फाटकाशी थांबलेली. ऊसतोडीच्या टोळीला भाकरी पोचवून तशीच आलेली, डोक्याला टॉवेल.

"बाई, पोरगी बोलंना झालीया. दिवाळीपास्नं घरात किती बोलाय लागल्याली. आज्जीला गोष्टी सांगायची, आज्जी थांबून थांबून ऐकायची. आता परत हात हलवून दावतीया. शाळेत कोण काय बोललं का?"

"वर्गात हसली पोरं. तिला नाही, दुसऱ्या कुणाला. पण ती तसंच..."

"तुम्ही व्हता न्हवं तिथं?"

"होतो."

तिनं अजून काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३१ जानेवारी, शनिवार

गोलात सांगितलं, तीन प्रश्न बंद. तो नियम माझा चुकला. न वाचलेल्यानं पण बसायचं. पोरं नाराज. एकजण म्हणाला, "मग मज्जा काय?" दीड महिन्यात मी त्यांना कसली मजा शिकवली, ते समोर येऊन बसलं.

संकेत उठून भिंतीशी गेला, सिद्धीपासून हातभर अंतरावर बसला. म्हणाला, मी पण वाचलं नाही. पूर्ण वाचलं होतं त्यानं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. मी पण दोघांना बोलावलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

पथकातल्या बाईंचं पत्र. गोलाची मूळ संकल्पना कुणाची, याबद्दल माझं लेखी निवेदन मागवलंय. केंद्रप्रमुखांनी दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर सादर केलं का, तेही स्पष्ट लिहायचं. सोबत तक्ता, तो पूर्ण भरायचा. सोमवारी टपालात पडायला हवं. म्हणजे मे महिन्यापर्यंत थांबायचीही गरज नाही. पेन उचलायचं तेवढं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

निगडे सर आले. सफारी नाही, साधा शर्ट. वर्गाच्या दारात उभे. आत या म्हणाले नाही मी.

"म्हशीचं पुस्तक वाचलो मी, मॅडम. दोनदा."

मी फळा पुसत राहिले.

"पोरगी बरोबर हुती. भाकड हाय." मग मुद्द्यावर आले. "निवेदनात काय लिवणार?"

"जे झालं ते."

"चार महिनं ऱ्हायल्यात माझं. चौकशी लागली तर पेन्शन अडकंल."

"सर, तुम्ही माझा हात तेवढा ठेवला होता फोटोत."

त्यांना आठवेना. खरंच आठवेना, चेहऱ्यावर दिसलं. ज्या गोष्टीनं मला अडीच महिने खाल्लं, ती यांच्या लक्षातच नाही. तिथं माझा राग पुन्हा पहिल्यासारखा पेटला. मला यांची कीव येत नाही. यावी असंही वाटत नाही.

जाताना वळून म्हणाले, "पोरं हसली, त्यात माझ्या शेजारची एक हसली न्हाय. तिला सांगा, सरांनी बघितलं."

हे मला त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

निवेदन लिहायला बसले, सकाळी नऊपासून. चार पानं झाली. सगळं खरं. तारखा, जूनमधली मागणी, पडद्यावरची ओळ. एका शब्दाचं खोटं नाही. हे म्हणाले, "पाठव. खरं हाय तर पाठव." मग म्हणाले, "नायतर नको पाठवू. तुझं तू बघ."

मग तक्ता घेतला. सगळे रकाने भरले. शेवटचा राहिला. 'उपक्रमामुळे झालेला बदल : एका विद्यार्थ्याचे उदाहरण नावासह द्या.'

नोव्हेंबरात हा रकाना मी सिद्धीचं नाव घालून डोळे मिटून भरला असता.

काल शाळा सुटताना सिद्धी माझ्या टेबलापाशी थांबली होती. पुढच्या पुस्तकाची प्रत उचलली, दप्तरात घातली. तिचं तोंड दोनदा उघडून मिटलं. मी थांबले, जेवढं थांबता येतं तेवढं. बाहेरून आर्यानं हाक मारली आणि ती गेली.

रकाना कोराच आहे. उद्या सकाळी टपालपेटी वाटेतच लागते.